पोटाचा घेर आणि मूत्रपिंडांवरचा भार

पैठणहून एका भगिनीचे पत्र आले आहे. नाव छापू नका असे त्यांनी कळवले आहे, म्हणून छापत नाही. त्या पैठणीच्या मागावर बसतात. वय ३८, उंची पाच फूट, वजन ७४ किलो. त्यांच्या थोरल्या भावाला गेल्या वर्षापासून आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागते. भाऊ ४७ वर्षांचा, कारखान्यात कामाला होता, वजन ९६ किलोपर्यंत गेले होते. ताई लिहितात : "जयभीम. दादाला साखरेचा आजार फार जुना नव्हता. डॉक्टर म्हणाले, वजनाने किडन्या थकल्या. आमच्यात अंगाने भरलेला माणूस म्हणजे खात्यापित्या घरचा असे म्हणतात. वजनाने कधी किडनी जाते का? आणि जात असेल तर माझे काय?"

होय ताई, वजनानेही जाते. एकट्या वजनाने जाते असे नेहमीच नसते. बहुतेक वेळा वजन, रक्तदाब आणि मधुमेह ही तिन्ही दुखणी एकमेकांचा हात धरून येतात. पण तिन्हींत आधी घरात शिरते ते बहुधा वजन, आणि मागून येणाऱ्या दोघांना तेच दार उघडून देते. म्हणून हा प्रश्न नुसत्या तुमच्या घरचा नाही. तुम्ही तो विचारलात हे फार बरे केले. आपल्याकडे आजार लपवण्याची खोड आहे. बाबासाहेबांना मधुमेहाने किती छळले हे आपल्या घराघरांत ठाऊक आहे. मग आपल्या साखरेची आणि वजनाची लाज कशाला?

मूत्रपिंडे कशी काम करतात ते आधी पाहू. पाठीच्या कण्याच्या दोन्ही अंगांना, बरगड्यांच्या खालच्या टोकाशी, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. एकेकाचे वजन दीडशे ग्रॅमच्या आसपास. एकेकात सरासरी दहा लाख बारीक गाळण्या असतात. या गाळण्यांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर पाणी रक्तातून गाळले जाते. त्यातले जवळजवळ सगळे शरीर परत घेते आणि उरलेले दीड-दोन लिटर घाणीसकट लघवीवाटे बाहेर टाकते. रक्तातली प्रथिने मात्र या गाळणीतून जाऊ द्यायची नसतात. चहाच्या गाळणीतून चहा खाली यावा आणि पत्ती वर राहावी, तसे.

पैठणच्या माणसाला पुढची गोष्ट समजायला सोपी आहे. जायकवाडीला २७ दरवाजे आहेत. वरून नाशिककडचे पाणी आले की दरवाजे थोडे थोडे उचलून पाणी सोडतात. आता समजा, पाण्याचा लोंढा दरवर्षी वाढत चालला आणि दरवाजे मात्र तेवढेच राहिले. प्रत्येक दरवाज्यावर ताण वाढणार. त्यातले चार-पाच अडकून बसले तर त्यांचे पाणीही बाकीच्यांनाच सोडावे लागणार. मग तेही लवकर झिजणार.

वजन वाढलेल्या शरीरात नेमके हेच होते. शरीर मोठे झाले म्हणजे त्याचे काम वाढले, मूत्रपिंडांकडे जाणारे रक्त वाढले, गाळायचे पाणी वाढले. गाळण्यांची संख्या काही वाढत नाही. मग एकेक गाळणी ताणून मोठी होते. तिच्यावर बारीक बोटांसारख्या पेशींचे अस्तर असते. त्या पेशी नव्याने फारशा तयार होत नाहीत. गाळणी ताणली गेली की अस्तर अपुरे पडते, फट पडते आणि त्या फटीतून प्रथिन लघवीत गळू लागते. पुढे त्या जागी व्रण धरतो व गाळणी बंद पडते. तिचा भार शेजारणीवर जातो. धरणाचा दरवाजा दुरुस्त करता येतो, बंद पडलेली गाळणी पुन्हा सुरू करता येत नाही.

शिवाय पोटातली चरबी ही नुसती साठवलेली पुरचुंडी नव्हे. ती मूत्रपिंडांभोवती दाटते, त्यांना दाबते. त्यामुळे शरीर मीठ धरून ठेवू लागते आणि रक्तदाब चढतो. तीच चरबी रक्तात अशी द्रव्ये सोडते की अंगातल्या इन्सुलिनचे कुणी ऐकेनासे होते. तिथून मधुमेहाची वाट सुरू होते. मूतखड्याचा त्रासही लठ्ठ माणसाला अधिक होतो. पण आपल्याला आज गाळण्यांचे बोलायचे आहे.

हे सगळे अनुमानाने सांगितलेले नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियामध्ये १९६४ ते १९८५ या काळात आरोग्य तपासणी केलेल्या ३,२०,२५२ माणसांच्या नोंदी २००० सालापर्यंत तपासल्या गेल्या आणि निष्कर्ष २००६ साली छापले गेले. बेताच्या वजनाच्या माणसाच्या तुलनेत लठ्ठ माणसाची मूत्रपिंडे पूर्ण निकामी होण्याचा धोका साडेतीन पट निघाला, आणि अतिलठ्ठाचा सात पट. मधुमेह आणि रक्तदाब हिशेबातून बाजूला काढले तरी वजनाचा दोष काही प्रमाणात उरलाच. मात्र घाबरून जाऊ नये म्हणून त्याच अभ्यासातला दुसरा आकडाही सांगतो. त्या सव्वातीन लाखांच्या आसपास माणसांत मूत्रपिंडे पूर्ण निकामी झाली ती १,४७१ जणांची. म्हणजे वजन वाढले की किडनी गेलीच असे नाही. धोका वाढतो, आणि तो कमी करणे बऱ्याच अंशी आपल्या हाती असते. ९ मार्च २०१७ च्या जागतिक मूत्रपिंड दिनाचा विषयच लठ्ठपणा आणि मूत्रपिंडाचे विकार हा होता.

आता तुमचा हिशेब करू. किलोतले वजन घ्यायचे आणि मीटरमधल्या उंचीने दोनदा भागायचे. पाच फूट म्हणजे १.५२ मीटर. ७४ ला १.५२ ने दोनदा भागले की उत्तर येते ३२. गोऱ्या लोकांसाठी २५ च्या पुढे जादा वजन आणि ३० च्या पुढे लठ्ठपणा धरतात. आपल्या देशातल्या डॉक्टरांनी आपल्यासाठी ही रेघ खाली आणली आहे : २३ च्या पुढे जादा वजन, २५ च्या पुढे लठ्ठपणा. ताई, तुम्ही दोन्ही मापांनी लठ्ठ ठरता. तोंडावर बोलल्याबद्दल रागावू नका.

ज्यांना भागाकाराचा कंटाळा आहे त्यांनी सुतळी घ्यावी. मागावर बसणाऱ्या घरात दोऱ्याला काय तोटा! भिंतीला टेकून उभे राहा. टाचेपासून डोक्यापर्यंत सुतळी मोजून तोडा आणि ती बरोबर मधोमध दुमडा. आता शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधल्या जागी ती पोटाभोवती गुंडाळा. श्वास सोडून मोजा, पोट आत ओढू नका. स्वतःलाच फसवून काय मिळणार? दुमडलेल्या सुतळीची टोके जुळली तर ठीक. जुळली नाहीत तर तुमचा घेर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे आणि तपासणीला गेले पाहिजे. टेपने मोजायचे झाल्यास बाईला ८० सेंटिमीटर आणि पुरुषाला ९० सेंटिमीटर ही आपल्याकडची मर्यादा आहे.

सुतळीवर मी एवढा भर का देतो? कारण आपल्यात हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढे पुढे, अशी माणसे गल्लोगल्ली आहेत. त्यांना कुणी लठ्ठ म्हणत नाही, तीही स्वतःला म्हणत नाहीत. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी हे फार मजेशीर रीतीने जगाला दाखवले. २००४ साली 'लॅन्सेट' या विलायती वैद्यकीय पत्रात त्यांचा आणि त्यांचे इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी फोटो छापून आला. उंचीला वजन लावून काढलेला आकडा दोघांचाही २२.३. अगदी सारखा. पण युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के! काट्यावर दोघे सारखे, आत मात्र दुपटीहून अधिक फरक.

याचे मूळ कुठे आहे ते शोधायला याज्ञिकांची तुकडी पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गेली. १९९३ पासून तिथल्या शेतकरी-कष्टकरी बायकांची गरोदरपणात नोंद ठेवली, बाळे जन्मली तेव्हा मापे घेतली. बाळांचे सरासरी वजन भरले २.७ किलो. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टन गावची बाळे ३.५ किलोची. आपले बाळ सगळ्याच बाबतीत लहान : मांस कमी, पोटातले अवयव लहान. फक्त कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ त्यांच्याइतकीच. जन्मतःच वरून वाळके आणि आतून चरबीचे.

याचा मूत्रपिंडाशी काय संबंध? फार जवळचा. माणसाच्या गाळण्या आईच्या पोटातच तयार होतात. नववा महिना लागता लागता ते काम आटोपते. त्यानंतर जन्मभर एकही नवी गाळणी होत नाही. आईला पोटभर मिळाले नाही, बाळ वजनाने कमी भरले, तर गाळण्याही कमी मिळतात. असे बाळ जन्मभर बेताच्या वजनाचे राहिले तर त्या कमी गाळण्यांवरही सुखाने सत्तर वर्षे काढील. पण त्याच बाळाच्या अंगावर चाळिशीत नव्वद किलो चढले तर? दरवाजे मुळातच थोडे, आणि लोंढा दुप्पट. गरिबाघरच्या लठ्ठपणाचा धोका श्रीमंताघरच्या लठ्ठपणाहून अधिक आहे, तो असा. श्रीमंत बाळाला जन्मताना ज्या गाळण्या मिळाल्या त्या आपल्या पुष्कळांना मिळालेल्या नाहीत.

उपासमारीची खूण मूत्रपिंडावर किती वर्षे राहते, हे नेदरलँड्समध्ये मोजले गेले आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ च्या हिवाळ्यात, तिथे जर्मन सैन्याने धान्याची वाट अडवली आणि शहरांत लोक उपाशी मेले. त्या महिन्यांत ज्यांच्या आया पोटुशी होत्या, त्या मुलांना पन्नाशीला आल्यावर तपासले. आईच्या गरोदरपणाच्या मधल्या महिन्यांत ज्यांना उपासमार घडली होती, त्यांच्या लघवीत प्रथिन जाण्याचे प्रमाण जास्त सापडले. अर्धे शतक उलटले तरी मूत्रपिंड ती भूक विसरले नव्हते.

आता मराठवाड्याकडे या. १९७२ च्या दुष्काळात आपल्या आया-आज्या पोटुशी असताना खडी फोडायला गेल्या. सुकडीवर आणि मिलोच्या भाकरीवर दिवस काढले. त्यांची ती लेकरे आज पन्नाशी ओलांडून गेली आहेत. कुणी कारखान्यातून निवृत्तीला आले आहे, कुणी वॉचमन आहे, कुणी मागावर आहे. लहानपणी जे मिळाले नाही ते आता हातात दोन पैसे आल्यावर खाल्ले, यात त्यांचा काय गुन्हा? पण या वयाच्या माणसांनी आपली तपासणी इतरांच्या आधी करून घ्यावी, एवढे तरी त्यावरून कळते. हे कपाळावर लिहिलेले नाही. कारण कळले आहे, तर उपायही आहे.

ताईंच्या पत्रात अगदी शेवटी, सहज लिहावी तशी एक ओळ आहे. "मागावर बसून कमर फार दुखते, गुडघेही धरतात, म्हणून मेडिकलमधून गोळी आणून घेते, रोज एक." मला साऱ्या पत्रात ही ओळ सर्वांत जास्त खुपली. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अशा जातीच्या दुखण्यावरच्या गोळ्या मूत्रपिंडाकडे जाणारा रक्ताचा प्रवाह कमी करतात. चार दिवस, डॉक्टरांच्या सांगण्यावरून घेतली तर निरोगी माणसाला सहसा बाधत नाही. वर्षानुवर्षे रोज घेतली तर बाधते. त्यातून वैशाखातले ऊन, अंगातले पाणी आटलेले, वर रक्तदाबाची गोळी चालू, अशा वेळी एका आठवड्यातही मूत्रपिंड बसू शकते. आणि या चक्राकडे बघा : वजन वाढले म्हणून गुडघा दुखतो, गुडघा दुखतो म्हणून चालणे सुटते, चालणे सुटले म्हणून वजन आणखी वाढते, आणि दुखणे दाबायला घेतलेली गोळी त्याच थकलेल्या मूत्रपिंडावर जाऊन बसते. ताई, ती गोळी आजपासून बंद करा आणि कंबरेसाठी डॉक्टरांना दाखवा. फार दुखले तर कोणती गोळी चालेल, किती दिवस, हे त्यांनाच विचारा. दुकानदाराला विचारू नका, तो माल विकायला बसला आहे. गुडघ्यावर रामबाण म्हणून एसटी स्टँडवर विकली जाणारी चूर्णे आणि भस्मेही तशीच. पुडीत काय आहे हे पुडीवर लिहिलेले नसते.

मूत्रपिंडाच्या दुखण्याची सर्वांत वाईट खोड म्हणजे ते बोलत नाही. पायावर सूज, लघवीला फेस, अन्नावरची वासना जाणे, दम लागणे ही लक्षणे दिसू लागतात तोवर बराच उशीर झालेला असतो. पुष्कळ जण रक्तातले क्रिएटिनिन तपासतात आणि "नॉर्मल आहे" म्हणून निश्चिंत होतात. क्रिएटिनिन हे उशिरा जागे होणारे पहारेकरी आहे. निम्म्याच्या आसपास काम बंद पडेपर्यंत ते बऱ्याचदा गप्प असते. आधी बोलते ती लघवी. म्हणून लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी मागून घ्या. क्रिएटिनिनचा कागद मिळाला की त्यावरून मूत्रपिंड किती टक्के चालते तो आकडाही डॉक्टरांना काढून मागा; वय आणि क्रिएटिनिन यांवरून तो मिनिटात निघतो. दोष सापडला तरी एका कागदावरून काही ठरत नाही. तीन महिन्यांनी पुन्हा तपासून तोच दोष राहिला, तर त्याला जुनाट विकार म्हणतात. ज्यांचा घेर सुतळीबाहेर गेला आहे, ज्यांना साखर किंवा रक्तदाब आहे, ज्यांच्या घरात कुणी डायलिसिसवर आहे, त्यांनी वर्षातून एकदा लघवी, क्रिएटिनिन, साखर आणि रक्तदाब पाहावा. ताई, तुमच्यात यातल्या दोन गोष्टी उघड दिसतात. पुढच्या बाजाराच्या दिवसाची वाट पाहू नका.

गावातल्या आशाताईंकडे तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी एक फॉर्म असतो. त्यात तंबाखू, दारू, व्यायाम यांबरोबर कमरेचा घेरही विचारलेला असतो आणि त्याला गुण दिलेले असतात. चारपेक्षा जास्त गुण भरले की तपासणीला पाठवायचे असते. आशाताई दारात आल्या की आपल्या बायाबापड्या "पुढच्या वेळी या" म्हणून टाळतात. टाळू नका. पोर्णिमेला विहारात आपण जमतोच; एखाद्या पोर्णिमेला वंदना झाल्यावर त्यांनाच बोलवा आणि सगळ्यांचे घेर एकदम मोजून टाका. बायकांसाठी आड बाजूला चादर बांधली की झाले.

वजन किती उतरवायचे? येथे लोक घाबरतात. त्यांना वाटते, नट्यांसारखे बारीक व्हायचे. तसे नाही. स्पेनमधील डॉक्टरांनी २००३ साली एक लहानसा प्रयोग प्रसिद्ध केला. लघवीतून प्रथिने जाणारे ३० लठ्ठ रुग्ण घेतले. त्यातल्या काहींना पाच महिने मोजून जेवण दिले. त्यांचे वजन सरासरी अवघे ४ टक्के उतरले आणि लघवीतून जाणारे प्रथिन जवळजवळ तिसऱ्या हिश्शाने कमी झाले. ताईंच्या ७४ किलोचे ४ टक्के म्हणजे तीन किलो. तीन किलो सहा महिन्यांत उतरवणे कुणालाही अशक्य नाही.

घरातल्या बाईला "जाडी" म्हणून हिणवणाऱ्यांना मात्र येथे एक गोष्ट ऐकवायची आहे. जी बाई आठ तास मागावर बसते, उरलेल्या वेळात चूल सांभाळते, सगळ्यांचे झाल्यावर उरलेले शिळे संपवते, तिचे वजन तिच्या आळसाने वाढलेले नाही. पुरुषांच्या रात्रपाळीचेही तेच. रात्री दोनला भूक लागली की गेटवर मिळते ते वडापाव आणि बिस्किट. ज्वारी-बाजरी महाग झाली, मैदा आणि पामतेल स्वस्त झाले. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या शंभर बायांमागे २४ जादा वजनाच्या आणि जवळजवळ १९ वाळक्या निघाल्या. कुपोषण आणि लठ्ठपणा एकाच गल्लीत, कधी एकाच घरात नांदतात.

तरीही घरात करण्यासारखे पुष्कळ आहे. साखरेचा हिशेब करा. दिवसाला पाच कप चहा, कपाला दोन चमचे साखर, म्हणजे दहा चमचे, म्हणजे जवळजवळ ५० ग्रॅम. महिन्याला एका माणसाची दीड किलो साखर नुसती चहात गेली. निम्मी केली तरी जिभेला पंधरा दिवसांत सवय होते. तेल माणशी महिन्याला अर्ध्या लिटरच्या वर जाऊ देऊ नये असे डॉक्टर सांगतात. पाच माणसांच्या घरात महिन्याला किती पिशव्या फुटतात ते मोजून पाहा. मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे एक लहान चमचा, आणि त्यात लोणचे, पापड, खारे शेंगदाणे, फरसाण सगळे आले. सैंधव हेही मीठच आहे. "कमी सोडियमचे" म्हणून विकले जाणारे मीठ तर किडनीच्या रुग्णाने डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नये, त्यात पोटॅशियम असते. भाकरी, वरण, पालेभाजी, ताक या आपल्या जेवणात काही उणे नाही. बिघाड झाला आहे तो दोन जेवणांच्या मधल्या वेळात. आणि "भरपूर पाणी प्या, किडनी धुऊन निघते" हे खरे नाही. तहानेपुरते प्यावे, उन्हात जास्त प्यावे. ज्याचे मूत्रपिंड आधीच थकले आहे त्याला जादा पाणी बाधते.

जेवणाच्या मापावरून संयुत्तनिकायातली पसेनदी राजाची गोष्ट आठवते. कोसलचा हा राजा एका बैठकीला द्रोणभर तांदळाचा भात खात असे. एकदा असा गच्च जेवून, धापा टाकत तो तथागतांच्या भेटीला आला. तथागतांनी त्याला उपास करायला सांगितले नाही, भात सोडायला सांगितले नाही. माप ओळखून जेवणाऱ्याचे दुखणे कमी होते, तो सावकाश म्हातारा होतो, अशा अर्थाची एक गाथा तेवढी म्हटली. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला ती पाठ करायला लावली आणि रोज जेवताना शेजारी म्हणायला ठेवले. त्या कामाचे त्याला दररोज शंभर कहापण मिळत. हळूहळू राजा एका नाळीभर भातावर आला, अंगाने हलका झाला आणि स्वतःच्या हातापायांवरून हात फिरवून खूश झाला. मला यातले दोन शब्द महत्त्वाचे वाटतात : हळूहळू, आणि शेजारी. एकट्याने वजन उतरत नाही. आपल्याला सुदस्सन ठेवणे परवडणार नाही, पण घरातली शाळकरी पोर ते काम फुकट आणि आनंदाने करील. दुसरी पोळी घेताना तिला नुसते बघायला सांगा.

ताईंच्या दादांसाठी मात्र वेगळी सूचना. डायलिसिसवर असलेल्या माणसाने हा लेख वाचून स्वतःहून जेवण तोडू नये. डायलिसिसमध्ये प्रथिने खर्च होतात, आणि अशा रुग्णाचे वजन नकळत घटणे हे चांगले लक्षण नव्हे. त्यांचा आहार, पाणी, फळे हे सगळे डायलिसिसच्या डॉक्टरांनी ठरवायचे. आणि दादांना पुढे कधी मूत्रपिंड बसवायचे झाले, तर देणारे म्हणून घरातल्याच बायांकडे पाहिले जाईल. आपल्या देशात जिवंतपणी मूत्रपिंड देणाऱ्यांत बायाच जास्त आहेत. देणारीचे वजन फार असेल, साखर किंवा रक्तदाब असेल, तर डॉक्टर तिला परत पाठवतात. बहीण द्यायला तयार आणि शरीर तयार नाही, अशी वेळ येते.

शेवटी खर्चाचे. पैठणहून छत्रपती संभाजीनगर पन्नासेक किलोमीटर. डायलिसिसचे चार तास, जाणे-येणे आणि नंतरचा थकवा मिळून एक अख्खा दिवस जातो. असे आठवड्याचे दोन-तीन दिवस, आणि सोबत येणाऱ्याची मजुरीही बुडते. निदान उपचाराचा पैसा तरी खिशातून जाऊ नये. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत डायलिसिस बसते. ही योजना २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने सुरू झाली आणि २०१७ पासून तिला जोतीरावांचे नाव आहे. योजनेतल्या प्रत्येक रुग्णालयात 'आरोग्यमित्र' नावाचा माणूस टेबल टाकून बसलेला असतो. रेशन कार्ड, आधार कार्ड आणि तपासणीचे सगळे कागद घेऊन पैसे भरण्याच्या आधी त्याच्याकडे जायचे. आधी पावती फाडली की नंतर परत मिळवताना हेलपाटे पडतात. केंद्र सरकारचा डायलिसिस कार्यक्रमही २०१६ पासून आहे. दारिद्र्यरेषेखालच्या रुग्णाला त्यात सरकारी जिल्हा रुग्णालयांतून फुकट डायलिसिस मिळते. दादांचे नाव यांपैकी कशात आहे का, हे पत्रात लिहिलेले नाही. नसेल तर दोघींनी, म्हणजे ताईंनी आणि वहिनींनी, याच आठवड्यात कागद घेऊन आरोग्यमित्राला गाठावे.